सट्टा की वाटा?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गेल्या वर्षी रमजानच्या आधी माझ्या धाकट्या बहिणीचा फोन आला. आवाज दबलेला होता. "भाईजान, पोरगा तिकडे सट्टा तर खेळत नाही ना? दर महिन्याला पगारातले तीनशे युरो कुठल्याशा बाजारात टाकतो म्हणे. तुम्ही चार पुस्तकं वाचलीत, तुम्हीच बघा जरा."

पोरगा म्हणजे माझा भाचा. नेदरलँड्समध्ये आइंदहोवेन शहरात यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात नोकरी करतो. वडील नाहीत. रत्नागिरीजवळच्या गावातल्या जुन्या घराची कौले उतरवून स्लॅब घालायचा, आईसाठी दोन खोल्या वाढवायच्या, असे त्याने ठरवले होते. त्या खोल्यांचे पैसे परक्या देशातल्या बाजारात बुडतील, या भीतीने बहिणीची झोप उडाली होती. त्यात दुसरी भीती मिसळलेली. आमच्या घरात जुगाराचा पैसा हराम आणि व्याजाचाही. वडिलांनी आयुष्यभर पोस्टात पैसे ठेवले, पण त्यावरचे व्याज कधी घरखर्चाला वापरले नाही.

मी कविता लिहिणारा माणूस. मराठी विषय घेऊन बी.ए. झालो आणि पुढे कारकुनी केली. शेअर बाजाराशी माझा संबंध बातम्यांच्या शेवटी 'सेन्सेक्स इतक्या अंशांनी वधारला' हे वाक्य ऐकण्यापुरता. पण मामा म्हटल्यावर जबाबदारी टळत नाही. भाच्याला फोन लावला. तो हसला. म्हणाला, "मामू, मी एका कंपनीचा शेअर घेतच नाही. मी पन्नासच्या पन्नास घेतो. युरो स्टॉक्स ५० म्हणतात त्याला."

तिथून माझा अभ्यास सुरू झाला. या वयात जे समजले ते आज आपल्यापुढे ठेवतो. मला समजले, म्हणजे कोणालाही समजेल.

निर्देशांक म्हणजे काय, इथून सुरुवात करू. आपला सेन्सेक्स तीस कंपन्यांचा, निफ्टी पन्नास कंपन्यांचा. या कंपन्यांच्या शेअरचे भाव एकत्र करून एक आकडा काढतात आणि तो आकडा वर गेला की बाजार चढला असे आपण म्हणतो. युरो स्टॉक्स ५० हा तसाच आकडा आहे. युरो हे चलन वापरणाऱ्या देशांतल्या पन्नास बलाढ्य कंपन्यांचा तो निर्देशांक. २६ फेब्रुवारी १९९८ रोजी तो सुरू झाला. युरो चलन अजून जन्मायचे होते, ते १ जानेवारी १९९९ ला आले. म्हणजे पाळणा आधी, बाळ नंतर. मोजणीसाठी मागे जाऊन ३१ डिसेंबर १९९१ चा आकडा १००० धरला.

या पन्नासांत कोण आहेत? काही नावे आपल्या घरातली आहेत. जर्मनीची सीमेन्स, जिच्या स्विचगिअरचे नाव आपल्या कारखान्यांत प्रत्येक वायरमनला ठाऊक असते. फ्रान्सची लॉरेआल, जिचा कारखाना आपल्या चाकणला आहे. चाकणलाच गाड्या जोडणारी मर्सिडीझ-बेंझ. शिवाय जर्मनीची संगणकप्रणाली बनवणारी सॅप आणि विमा कंपनी अलियान्झ. फ्रान्सची तेल कंपनी टोटलएनर्जीज, चैनीच्या वस्तू विकणारी एलव्हीएमएच, औषधे बनवणारी सनोफी आणि विमाने बनवणारी एअरबस. स्पेनची सांतान्देर बँक, इटलीची वीज कंपनी एनेल. आणि नेदरलँड्सची एएसएमएल. हिचे गाव वेल्डहोवेन, माझ्या भाच्याच्या घरापासून सायकलच्या अंतरावर. मोबाइलपासून क्षेपणास्त्रापर्यंत सगळ्यांत लागणाऱ्या अतिसूक्ष्म चिप छापण्याची सर्वांत प्रगत यंत्रे जगात फक्त हीच कंपनी बनवते. १९८४ मध्ये फिलिप्सच्या आवारातल्या तात्पुरत्या बराकींत तिची सुरुवात झाली होती.

कोण नाही, तेही पाहा. ब्रिटनची एकही कंपनी नाही, स्वित्झर्लंडची नेस्ले नाही, डेन्मार्कची नोव्हो नॉर्डिस्क नाही. कारण त्या देशांत युरो चालत नाही. त्यांनाही धरायचे असेल तर स्टॉक्स युरोप ६०० नावाचा मोठा निर्देशांक आहे, त्यात सतरा देशांच्या सहाशे कंपन्या येतात. तेव्हा 'युरोपात पैसे गुंतवले' असे कोणी म्हणाले की कुठल्या युरोपात, हे आधी विचारावे.

आता ही निवड कोण करते? इथे मला माझ्या धंद्यातला दाखला सुचला. प्रातिनिधिक कवितासंग्रह काढणारा संपादक पन्नास कवी निवडतो. तो कविता वाचतो, आवडनिवड ठेवतो, कधी ओळखीपाळखीही पाहतो. इथला संपादक मात्र कविता वाचतच नाही. तो फक्त माप घेतो. बाजारात त्या कंपनीची किंमत किती? त्यातही, खुल्या बाजारात विकायला मोकळे शेअर किती? घराण्याने किंवा सरकारने दाबून ठेवलेले शेअर हिशेबात धरत नाहीत. हर्मेस ही कंपनी अवाढव्य आहे, पण तिचे दोनतृतीयांशाच्या आसपास शेअर संस्थापक घराण्याकडेच आहेत, म्हणून तिचे वजन तेवढे कमी. दर सप्टेंबरमध्ये यादी तपासतात. क्रमवारीतल्या पहिल्या चाळीस कंपन्या थेट आत. उरलेल्या दहा जागा एकेचाळीस ते साठ या क्रमांकांतून भरतात आणि तिथे आधीपासून यादीत असलेल्यांना पहिला मान. रोज कोणाला तरी हाकला, कोणाला तरी घ्या, असा गोंधळ नको म्हणून ही सोय. आणि एकट्या कंपनीचे वजन फार वाढू नये म्हणून दहा टक्क्यांची मर्यादा घातली आहे, ती ठरावीक काळाने लावतात.

यातून एक गोष्ट ध्यानात येते. निर्देशांक पडणाऱ्याला धरून ठेवत नाही. कंपनी मोठी झाली की तिचे वजन वाढते, खंगली की कमी होते, फारच खंगली की ती बाहेर जाते. फिनलंडची नोकिया आठवा. २००० साली ती युरोपातली सर्वांत मौल्यवान कंपनी होती. पुढे मोबाइलचा धंदाच तिला मायक्रोसॉफ्टला विकावा लागला, तो व्यवहार २०१४ मध्ये पूर्ण झाला. ज्याने फक्त नोकियाचे शेअर घेतले त्याचे काय झाले असेल? ज्याने पन्नास घेतले, त्याच्या घरात नोकिया आजारी पडली तेव्हा एएसएमएल वयात येत होती.

बहिणीला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे रापणीसारखं?" मला हे सुचले नव्हते. आमच्या किनाऱ्यावर रापण ओढतात तेव्हा दोर ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा असतो. मासळी लागली तर वाटा, नाही लागली तर रिकामे हात. पण ज्याने हात लावला त्याचा हक्क. शेअर हा मुळात असाच वाटा आहे. आणि या वाट्याची जन्मकथाही भाचा राहतो त्या देशातलीच आहे.

१६०२ साली ॲमस्टरडॅममध्ये डच ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली. मसाल्याच्या बेटांकडे जहाजे पाठवायला भांडवल हवे होते. देशातल्या कोणाही रहिवाशाने पैसे घालावेत, अशी मुभा सनदेतच दिली. ॲमस्टरडॅमच्या वहीत ११४३ जणांची नावे लागली. त्यात बडे व्यापारी होते, तशी एक मोलकरीणही होती, तिने शंभर गिल्डर घातले. ज्या व्यापाऱ्याच्या घरी वही ठेवली होती त्याच्याच घरी ती कामाला होती. वहीत लिहिले होते की हा वाटा दुसऱ्याला विकता येईल. या एका वाक्यातून शेअर बाजार उभा राहिला. कंपनीने पहिला लाभांश १६१० मध्ये दिला, तो पैशांत नव्हे, जायपत्रीत! आमच्या कोकणातल्या माणसाला याचे हसू येईल, कारण घरात पोतेभर जायपत्री घेऊन बसलेल्या माणसाची पंचाईत आपणच समजू शकतो. याच कंपनीची वखार आपल्या वेंगुर्ल्याला होती. तिचे पडके अवशेष आजही उभे आहेत.

पण ही कथा इथे थांबवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. जायफळ-जायपत्रीचा मक्ता मिळवण्यासाठी याच कंपनीने १६२१ मध्ये बांदा बेटांवरच्या लोकांची कत्तल केली, उरलेल्यांना गुलाम केले. ॲमस्टरडॅममध्ये बसलेल्या वाटेकऱ्याने तलवार उचलली नव्हती, पण लाभांश त्याच्या दारात आला. नफ्याचा वाटा घेणारा बाकीच्या वाट्यातून सुटतो का, हा प्रश्न शेअर बाजाराइतकाच जुना आहे. त्याकडे मी शेवटी येईन.

आता सट्ट्याकडे येतो, कारण बहिणीचा मूळ प्रश्न तोच होता.

जर्मनीतली एक हकिकत सांगतो. १९९६ च्या नोव्हेंबरात तिथल्या सरकारी टेलिफोन खात्याची कंपनी, डॉइश टेलिकॉम, शेअर बाजारात आणली. जर्मन माणूस बचतखात्यावर विश्वास ठेवणारा, शेअरपासून चार हात दूर राहणारा. त्याला ओढण्यासाठी मानफ्रेड क्रूग या लाडक्या नटाला घेऊन जाहिराती केल्या. हा जनतेचा शेअर, असा गाजावाजा झाला. लाखो लोकांनी पैसे घातले. सुरुवातीचा भाव साडेअठ्ठावीस मार्क, म्हणजे नंतरच्या हिशेबाने साडेचौदा युरो. मार्च २००० मध्ये तो शंभर युरोच्या पुढे गेला. जूनमध्ये सरकारने आणखी शेअर विकले, साडेसहासष्ट युरोने. २००२ मध्ये भाव दहा युरोच्याही खाली आला. हजारो गुंतवणूकदार फ्रँकफर्टच्या न्यायालयात गेले आणि तो खटला २०२१ मध्ये तडजोडीवर आला. क्रूगने पुढे लोकांची जाहीर माफी मागितली.

या हकिकतीत सट्टा कोणता? कंपनी खोटी नव्हती, ती आजही भक्कम उभी आहे. चूक ही की माणसाने सगळी पुंजी एका टोपलीत घातली आणि शेजारी श्रीमंत झाला म्हणून घातली. पन्नास कंपन्यांचा निर्देशांक पहिल्या चुकीवर उपाय आहे, कारण त्यात टोपल्या अनेक. दुसऱ्या चुकीवर त्याच्याकडे उपाय नाही. हाव आणि भीती ही ज्याची त्याने आवरायची.

कारण निर्देशांकही पडतो. नुसता पडत नाही, वर्षानुवर्षे पडून राहतो. ही गोष्ट विक्रेते सांगत नाहीत, म्हणून मी जरा सविस्तर सांगतो.

६ मार्च २००० रोजी युरो स्टॉक्स ५० बंद झाला तेव्हा आकडा ५४६४ होता. संगणक आणि टेलिफोन कंपन्यांचे वेड शिगेला पोहोचले होते. गंमत पाहा, सामान्य माणसाला हा निर्देशांक शेअरसारखा विकत घेता यावा असा युरोपातला पहिला फंड फ्रँकफर्टच्या बाजारात आला तो ११ एप्रिल २००० ला. म्हणजे शिखरावरून उतार लागल्यावर महिन्याभराने दार उघडले. मार्च २००३ मध्ये आकडा १८५० च्या आसपास होता. शंभराचे चौतीस झाले. चौतीसचे पुन्हा शंभर व्हायला भाव जवळजवळ तिप्पट व्हावा लागतो, हे गणित लक्षात ठेवा. २००७ मध्ये तो साडेचार हजारांवर चढला, तोवर अमेरिकेतून आलेल्या बँक संकटाने मार्च २००९ मध्ये पुन्हा १८०० पर्यंत आणला. मग ग्रीसचे कर्ज, मग २०२० ची करोना साथ. २००० सालचा तो आकडा अखेर ओलांडला गेला २०२५ च्या फेब्रुवारीत. पंचवीस वर्षे! तेव्हा जन्मलेले मूल पदवी घेऊन नोकरीला लागले. जपानच्या निक्केईने तर १९८९ चे शिखर २०२४ मध्ये गाठले.

हे ऐकून बहीण म्हणाली, "मग हे कशाला घ्यायचं?" प्रश्न रास्त आहे. त्याला दोन उत्तरे आहेत.

पहिले उत्तर लाभांशाचे. आपण बातम्यांत ऐकतो तो युरो स्टॉक्सचा आकडा फक्त भावाचा असतो. कंपन्या दरवर्षी जो लाभांश वाटतात तो त्यात धरलेला नसतो. कलमाच्या झाडाची किंमत पंचवीस वर्षांनी तेवढीच राहिली, पण मधल्या पंचवीस हंगामांतले आंबे कोणी खाल्ले, हे विचारायला नको? युरोपातल्या जुन्या कंपन्या लाभांश बऱ्यापैकी देतात. तो पुन्हा गुंतवत गेलेला माणूस मूळ ठिकाणी कित्येक वर्षे आधी पोहोचला. म्हणूनच दोन देशांचे निर्देशांक शेजारी ठेवून तुलना करताना जपावे. जर्मनीच्या डॅक्सचा रोज सांगितला जाणारा आकडा लाभांश धरून काढतात, पॅरिसच्या कॅक ४० चा लाभांश सोडून. एकाचे माप शिगेसह, दुसऱ्याचे सपाट.

दुसरे उत्तर हप्त्याचे. माझ्या भाच्याने एकदम रक्कम ओतलेली नाही, दर महिन्याला थोडी घालतो. समजा फंडाच्या एका युनिटचा भाव पन्नास युरो आहे. शंभर युरोत दोन युनिटे आली. पुढे भाव पंचवीसवर आला. आता शंभर युरोत चार आली. दोनशे युरोत सहा युनिटे झाली. भाव परत पन्नासवर यायचीही गरज नाही, चाळीसवर आला तरी सहा चोक दोनशे चाळीस. पडझडीत खरेदी करत राहणाऱ्याला पडझडच मदत करते. अट एकच. त्या काळात नोकरी टिकली पाहिजे आणि ते पैसे काढायची वेळ येता कामा नये.

या अटीवर मी भाच्याला अडवले. "तुझा कारखाना कोणासाठी सुटे भाग बनवतो?" म्हणालो. तो जरा थांबला. मोठे गिऱ्हाईक कोण, हे आइंदहोवेनला राहणाऱ्याने वेगळे सांगायला नको. आणि त्या पन्नासांतही सर्वांत जड नावांपैकी एक तेच. म्हणजे चिपच्या धंद्यात मंदी आली तर त्याचा पगारही धोक्यात आणि बचतीचा मोठा तुकडाही. पन्नास टोपल्या दिसतात, पण त्यातली सर्वांत मोठी टोपली त्याच्या नोकरीच्याच खुंटीला टांगलेली. हे त्याने मनात धरले नव्हते.

आणखी एक फरक सांगतो, कारण तो कळला नाही म्हणून पुष्कळ भली माणसे बुडाली. निर्देशांकाचा फंड घेता तेव्हा तुमच्या पैशातून ते शेअर घेऊन वेगळ्या ठिकाणी सुरक्षित ठेवले जातात. फंड चालवणारी कंपनी बुडाली तरी शेअर तुमचेच. याचा खर्चही थोडा, काही फंड शंभर युरोमागे वर्षाला दहा सेंटच्या आसपास घेतात, कारण हुशारी विकत घ्यावी लागत नाही, यादीबरहुकूम खरेदी करायची असते. पण निर्देशांकाच्या नावाने दुसऱ्या वस्तूही विकतात. 'निर्देशांक इतका चढला तर इतके देऊ' असे वचन लिहिलेला कागद. जर्मनीत हजारो वृद्धांनी बँकेच्या खिडकीवर असे कागद घेतले होते. वचन देणारी होती अमेरिकेची लीमन ब्रदर्स. १५ सप्टेंबर २००८ ला ती बुडाली आणि कागदाला कागदाचीही किंमत उरली नाही. वाटा वेगळा आणि वाट्याबद्दलचे वचन वेगळे. शिवाय याच निर्देशांकाच्या फ्युचर्स आणि ऑप्शन्सचे प्रचंड सौदे रोज होतात. उद्या आकडा वर जाईल की खाली, यावर पैजेने घेतलेल्या सौद्यात एकाची कमाई म्हणजे दुसऱ्याचे नुकसान. तिथे माझ्या बहिणीचा शब्द चपखल बसतो. म्हणजे निर्देशांक तोच, त्याचा वाटाही घेता येतो आणि त्यावर सट्टाही खेळता येतो.

इथे बसून आपल्याला हे करता येते का, असे काही जण विचारतील. रिझर्व्ह बँकेने २००४ मध्ये परदेशी रक्कम पाठवण्याची उदार योजना आणली, तेव्हा वर्षाला पंचवीस हजार डॉलरची मर्यादा होती, नंतर ती अडीच लाख डॉलर झाली. आपल्या म्युच्युअल फंडांच्या काही योजनाही युरोपात गुंतवतात, पण साऱ्या फंडांना मिळून परदेशी गुंतवणुकीची मर्यादा आहे. ती भरत आल्यामुळे २०२२ च्या फेब्रुवारीत अनेक योजनांनी नवे पैसे घेणे थांबवले होते. शिवाय आपण रुपयात जगतो. युरो सुरू झाला तेव्हा पन्नास रुपयांच्या आसपास होता, २०२५ मध्ये शंभराच्या पुढे गेला. या चढाचा आपल्याला फायदा झाला असता, पण चलन उलट्या दिशेनेही फिरते. मी स्वतः यात पैसे घातलेले नाहीत आणि तुम्ही घाला असेही म्हणत नाही. कर, नियम, फंडाची कागदपत्रे जाणकाराला विचारूनच पुढे जावे.

आता तो उरलेला प्रश्न. बहिणीने शेवटी विचारले, "हलाल आहे का?" मी मौलवी नाही, मला समजते तेवढेच सांगतो. एकाचे भांडवल, दुसऱ्याची मेहनत आणि नफ्यात दोघांची भागी, ही व्यापाराची रीत आमच्याकडे पूर्वापार मान्य आहे. तिला मुदारबा म्हणतात. मध्ययुगातल्या इटालियन व्यापाऱ्यांची भागीदारीही तिच्याशी मिळतीजुळती होती. तेव्हा शेअर या कल्पनेशी भांडण नाही. भांडण आहे ते धंदा कोणता, याच्याशी. त्या पन्नासांत व्याजावर चालणाऱ्या बँका आहेत, जगातली सर्वांत मोठी बिअर कंपनी आहे. संपादक कविता वाचत नाही, असे मघाशी म्हणालो. त्याचा अर्थ हाच. तो फक्त आकार मोजतो, चारित्र्य पाहत नाही. चारित्र्य पाहायचे असेल तर चाळणी लावलेले निर्देशांक निराळे असतात. डाऊ जोन्सने असा इस्लामी निर्देशांक १९९९ मध्ये काढला, आपल्या मुंबई शेअर बाजारातही २०१० मध्ये शरियतच्या नियमांनी पन्नास कंपन्यांचा निर्देशांक सुरू झाला. दारू, जुगार, व्याजी बँका आणि कर्जात बुडालेल्या कंपन्या त्यातून वगळतात. आणि हा प्रश्न फक्त मुसलमानाचा नाही. तंबाखू नको, शस्त्रे नकोत, असे म्हणणारे ख्रिस्ती आणि नास्तिकही युरोपात पुष्कळ आहेत. बांदा बेटांच्या जायपत्रीचा लाभांश घेताना कोणी हा प्रश्न विचारला असता तर बरे झाले असते.

मी भाच्याशी तीन गोष्टी बोललो. घराचे पैसे दोन वर्षांत लागणार आहेत, ते बाजारात ठेवायचे नाहीत. चौतीस युरोत स्लॅब पडत नाही. दुसरे, वर्षभर नोकरी नसली तरी घर चालेल इतकी शिल्लक आधी बाजूला. तिसरे, उरलेल्यातून जे पंधरा-वीस वर्षे लागणार नाही तेच गुंतवायचे, आणि कशात, ते आपल्या श्रद्धेला विचारून.

त्याने ऐकले. घराची रक्कम तो आता बँकेत वेगळी ठेवतो, तिच्यावर येणारे व्याज गरजूंना देऊन टाकतो. बाजारात तीनशेऐवजी दीडशे युरो घालतो आणि तेही चाळणी लावलेल्या, साऱ्या युरोपच्या निर्देशांकात. त्यात बँका नाहीत. एएसएमएल आहे, पण आणखी पुष्कळ आहेत.

बहिणीला फोन करून सगळे सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे सट्टा नाही." मी म्हणालो, "नाही. पण दर्या आहे. वाटा मिळेलच असा करार दर्याशी होत नाही."

"ते मला नका सांगू भाईजान," ती म्हणाली, "मी खलाशाची बायको होते." आणि मग तिने विचारले, स्लॅबसाठी चिरे आत्ताच सांगून ठेवू का, पावसानंतर भाव वाढतात.